ऊस तुटला आणि आवाज वाढला: निपाणी भागातल्या एका गुऱ्हाळाची मोजणी

नोव्हेंबरात मी गुऱ्हाळाचा आवाज मोजून आकडा दिला, तेव्हा माझ्या लेखी हे प्रकरण मिटलं होतं. संक्रांत झाली आणि गुऱ्हाळाशेजारच्या मावशी पुन्हा दारात. "सर, तुमचं यंत्र काय म्हणतंय ते मला ठाऊक नाही. दिवाळीला एवढा आवाज नव्हता. थंडी वाढली तसा वाढलाय." गुऱ्हाळवाल्या आण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "इंजिन तेच, घाणा तोच, माणसं तीच. आवाज वाढंल कुठनं?" दोघांच्याही बोलण्यात खोट नव्हती. दोघांचं एकाच वेळी खरं कसं असेल, हे शोधण्यात माझा जानेवारी गेला. आपल्या सीमाभागात गावठाणाला खेटून गुऱ्हाळं आहेत, गिरण्या आहेत, पोल्ट्री आहेत. अशी भांडणं गावोगाव चाललेली असतात, म्हणून सगळी मोजणी इथं मांडतो आहे. माणसांची आणि गावाची नावं घेत नाही. दोन्ही घरं माझ्या घरोब्यातली आहेत आणि त्यांना एकमेकांच्या शेजारीच राहायचं आहे.

वेदगंगेच्या काठचं हे गाव. गुऱ्हाळ गावठाणाच्या कडेला, मावशींच्या अंगणापासून ९० मीटरवर. मध्ये अडसाली उसाची पट्टी. आण्णांकडं दिवसाला चार आधणं, म्हणजे गुळासाठी आटवायच्या रसाच्या चार कढया, निघतात. एका आधणाला अडीच-तीन तास लागतात, त्यामुळे पहिला घाणा पहाटे अडीचला सुरू होतो. त्यांची घाई समजून घ्यायला हवी. तुटलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर मोडते आणि गूळ चिकट होतो. रस काढून ठेवला तर तो काही तासांत आंबायला लागतो. शिवाय थ्री फेज वीज पाळीनं येते. रात्रपाळीच्या आठवड्यात घाणा मोटरीवर चालतो. दिवसपाळीच्या आठवड्यात पहाटे वीज नसते, मग डिझेल इंजिन.

भांडणाची सुरुवात मोबाईलनं झाली होती. मावशींच्या मुलानं फोनमध्ये ॲप घेतलं, गुऱ्हाळाच्या दारात उभं राहून ७८ डेसिबल हा आकडा दाखवला आणि पंचायतीत अर्ज दिला. आण्णांच्या पुतण्याच्या फोननं त्याच जागी ६१ दाखवले. पंचायतीचं पत्र कन्नडमध्ये आलं. ते मावशींच्या नातीनं, यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, असलेल्या पोरीनं, दोन्ही घरांना वाचून दाखवलं: दोघांनी मोजणी करून घेऊन म्हणणं मांडावं. मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, माझ्याकडं दुसऱ्या वर्गाचा ध्वनिमापक आणि तो तपासायचं उपकरण आहे, म्हणून दोघंही माझ्याकडं आले. माझी मोजणी सरकारी नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. खटल्यासाठी अधिकृत यंत्रणेची मोजणी लागते.

फोनवर विश्वास का ठेवू नये, हे दोघांना करून दाखवलं. तपासायचं उपकरण १००० हर्ट्झचा, ९४ डेसिबलचा ठरलेला सूर देतं. माझा मापक त्यावर ९४ दाखवतो. नसेल दाखवत तर जुळवून घ्यायचा, आणि मोजणी संपल्यावर पुन्हा पाहायचा. फोनचा माईक बोलणं टिपायला बनवलेला असतो. त्याला असं जुळवून घेतलेलं नसतं, आणि मोठा आवाज तो आपोआप दाबतो. ७८ आणि ६१ मधला कुठला खरा, हा प्रश्नच चुकीचा होता. मुळात नियम गुऱ्हाळाच्या दारातला आकडा विचारत नाही. तो माणसं राहतात तिथला विचारतो.

नियम म्हणजे केंद्र सरकारचे ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. सीमेच्या अलीकडं-पलीकडं ते एकच आहेत, कागलला गेलं तरी आकडे बदलत नाहीत. औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७०, व्यापारी भागात ६५ आणि ५५, निवासी भागात ५५ आणि ४५, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस सकाळी ६ ते रात्री १०, रात्र १० ते ६. या यादीत शेतीचा रकानाच नाही. आण्णांचा पुतण्या म्हणाला, गुऱ्हाळ हा उद्योग, तेव्हा रात्री ७० चालतील. भाग कुठल्या वर्गातला हे एखाद्या शेडवरून ठरत नाही, सरकार ठरवतं. मिश्र वस्ती असेल तर सक्षम अधिकाऱ्यानं ती चारांपैकी एका वर्गात घालायची असते. इथं तसं काही जाहीर झालेलं नव्हतं. पण मावशींचं घर गावठाणात आहे, तिथं पिढ्यान् पिढ्या माणसं झोपतात. मी निवासी धरलं, म्हणजे रात्री ४५. आण्णांनाही ते पटलं. "घर ते घरच की," म्हणाले.

पहिली रात्र

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, इंजिनाच्या पाळीत, पहाटे दोनला अंगणात तिवई लावली. मापक दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून चार मीटर लांब, म्हणजे भिंतीवरून परतलेला आवाज आकड्यात मिसळत नाही. माईकवर स्पंजचा गोळा, वाऱ्याची फुरफुर लागू नये म्हणून. वारा जवळजवळ नव्हताच. कुत्रं भुंकलं किंवा रस्त्यावरून ट्रॉली गेली की मोजणी थांबवायची आणि वेळ वहीत लिहायची. वही नातीकडं होती.

घाणा सुरू व्हायच्या आधी आकडा ४४. म्हणजे गुऱ्हाळ बंद असतानाही ४५ च्या उंबरठ्यावर. सगळे चकित झाले, मीही थोडा. कारण सोपं होतं: रातकिडे. पिकाच्या कडेला पावसाळ्यानंतरच्या उबदार रात्री रातकिड्यांची किरकिर एवढी दाट असते की मापक तिलाच मोजत बसतो. अडीचला इंजिन लागलं, घाणा फिरायला लागला, चुलवाणाचा, म्हणजे रस आटवायच्या भट्टीचा, पंखा सुरू झाला. आकडा ५०.

आता ५० मधून ४४ वजा केले तर ६ उरत नाहीत. डेसिबलची बेरीज-वजाबाकी रुपयांसारखी होत नाही. सारखेच दोन घाणे शेजारी लावले तर आकडा दुप्पट न होता फक्त ३ नं वाढतो. एकूण आवाज आणि पार्श्वभूमी, म्हणजे गुऱ्हाळ बंद असतानाचा आवाज, यांत १० किंवा जास्त फरक असला तर काहीच वजा करायचं नाही. फरक ६ ते ९ असला तर १ वजा, ४-५ असला तर २, आणि ३ असला तर ३. त्याहून कमी असला तर ती मोजणी सोडून द्यायची. इथं फरक ६, म्हणून गुऱ्हाळाचा स्वतःचा वाटा ४९.

आणि इथं मी चुकलो. नियमातला आकडा त्या त्या वेळेच्या सरासरीचा असतो, आणि ही सरासरी आवाजाच्या ऊर्जेची. इंजिन रात्रीच्या आठ तासांपैकी तीनच तास चालायचं, अडीच ते साडेपाच. तीन तास ४९ आणि बाकी वेळ गुऱ्हाळ गप्प, असं धरलं तर आठ तासांची सरासरी ४५ च्या किंचित खाली येते. मी कागदावर लिहून दिलं: चालू असताना ४९, रात्रभराची सरासरी ४५ च्या आत. आण्णांनी ते कागद जपून ठेवलं. मावशी काही बोलल्या नाहीत. गणित बरोबर होतं. एका रात्रीचा आकडा मी सबंध हंगामाला लावला, ही चूक.

संक्रांतीनंतर

मावशी पुन्हा आल्या तेव्हा नातीनं वही पुढं केली. माझं पाहून ती स्वतःच रोज लिहीत होती: आजी किती वाजता उठली, पुन्हा झोपली का. दीड महिन्याच्या नोंदी. एक आठवडा रोज "अडीच, नाही झोपली", पुढचा आठवडा कोरा, पुन्हा एक आठवडा भरलेला. हा विजेच्या पाळीचा आलेख होता, आणि पोरीला पाळीचा पत्ताही नव्हता. डिसेंबरअखेरपासून इंजिनाच्या आठवड्यात तिच्याही नावासमोर खुणा होत्या. मावशींच्या तक्रारीला याहून चांगला पुरावा मला देता आला नसता.

जानेवारीच्या शेवटी, थंड कोरड्या रात्री, त्याच जागी, त्याच उंचीवर तिवई लावली. गुऱ्हाळ बंद असताना आकडा ३४. रातकिडे गारठ्यानं गप्प. इंजिन लागलं आणि आकडा ५४.

दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. नोव्हेंबरात गुऱ्हाळ पार्श्वभूमीच्या ६ वर होतं, आता २० वर. मापकाच्या हिशेबानं गुऱ्हाळाच्या वाट्यात फरक पाचच डेसिबलचा, ४९ चे ५४. झोपलेल्या माणसाला नोव्हेंबरात किरकिरीत मिसळलेला आवाज ऐकू येत होता आणि जानेवारीत संपूर्ण शांततेत उठलेला. रात्रभराची सरासरीही आता जवळपास ५० वर गेली होती.

आण्णांचा प्रश्न मात्र शिल्लक होता: आवाज वाढला कुठून? सायलेन्सर पाहिला तर गंजून त्याला अंगठा जाईल एवढं भोक पडलेलं. नोव्हेंबरनंतर तेच वाढलं असेल का? सुदैवानं पहिल्या वेळी मी शेडपासून १० मीटरवरचाही आकडा घेतला होता. तेव्हा ७३. आताही ७३. म्हणजे गुऱ्हाळ होतं तसंच होतं. आण्णा खरं सांगत होते.

मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. १० चे २०, २० चे ४०, ४० चे ८० मीटर, तीन वेळा सहा म्हणजे १८, आणि ९० पर्यंत आणखी एक. ७३ मधून १९ गेले तर ५४. जानेवारीचा आकडा बरोब्बर हाच. म्हणजे आता आवाज मोकळ्यावरून यावा तसा येत होता, आणि नोव्हेंबरात वाटेत कोणीतरी पाच डेसिबल खात होतं. अंगणातून समोर पाहिलं आणि उत्तर दिसलं. मधला ऊस डिसेंबरअखेर तुटला होता. नोव्हेंबरात शेडचा पत्राही दिसत नव्हता, आता चुलवाणातला जाळ दिसत होता.

एखाददुसरी झाडांची रांग आवाज अडवत नाही, हे खरं. पण आरपार न दिसणारी, सत्तर-ऐंशी मीटर रुंदीची उसाची पट्टी काही डेसिबल खाते. पानं आणि भुसभुशीत जमीन मधला आणि वरचा सूर शोषतात. खालचा धडधडीचा सूर मात्र जवळजवळ तसाच पुढं जातो.

दुसरं कारण हवेत होतं, आणि ते गुऱ्हाळाच्या धुरानंच दाखवलं. नोव्हेंबरात धूर सरळ वर गेला होता. जानेवारीच्या त्या रात्री तो थोडा वर चढून थांबला आणि शेतावर पांढऱ्या चादरीसारखा आडवा पसरत मावशींच्या पत्र्याच्या उंचीवर आला. स्वच्छ आकाशाच्या थंड रात्री जमीन आधी गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. दुपारी याच्या उलट असतं, तेव्हा आवाज वर वळून निघून जातो. अशा रात्री तो खाली वळतो आणि जमिनीलगत लांबवर पोचतो. धूर आडवा पसरलेला दिसला की समजावं, आज आवाजही पसरणार. "थंडी वाढली तसा वाढलाय," असं मावशी म्हणाल्या होत्या. त्यांनी यंत्राशिवाय तेच सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मावशींच्या मांडणीवर पितळी ताटं उभी लावलेली आहेत. इंजिन लागलं की दोन ताटांच्या कडा एकमेकींवर बारीक टिणटिण वाजत. ताटाला बोट लावलं की आवाज बंद, बोट काढलं की सुरू. कायद्याचा आकडा ए पट्टीवर मोजतात. ती पट्टी माणसाच्या कानासारखी खालच्या सुराला कमी किंमत देते: १०० हर्ट्झला १९ डेसिबल कमी, ५० हर्ट्झला तर ३०. मी मापक सी पट्टीवर लावला, तिथं खालचा सूर जवळजवळ पूर्ण मोजला जातो. ए वर ५४, सी वर ७०. एवढी तफावत दिसली की ओळखावं, धडधड भारी आहे. मावशी "छातीत वाजतंय" म्हणायच्या तेव्हा मुलगा त्यांना रक्तदाबाची गोळी आठवून द्यायचा. नियम सी पट्टी विचारत नाही, पण मी कागदावर तो आकडा लिहिलाच.

मग एकेक बंद करून पाहिलं. यासाठी आण्णांनी एक पहाट दिली आणि गुळव्यालाही, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरालाही, थांबवून ठेवलं, हे मोठं मन म्हणायला हवं. सगळं चालू असताना ५४. इंजिन काढून घाणा आणि पंखा मोटरीवर, तर ४७. नुसता पंखा ४३. हिशेब केला तर एकट्या इंजिनाचा वाटा ५३ निघतो, घाण्याच्या चाकांचा ४५. नातीच्या वहीतले कोरे आठवडे हेच सांगत होते. ४७ सुद्धा ४५ च्या वर आहे, तरी त्या आठवड्यांत आजी झोपत होती. झोप मोडत होती ती इंजिनानं, म्हणजे खरं तर त्या भोकानं.

पुतण्यानं नियम वाचून आणला होता. सातव्या नियमात म्हटलंय की पातळी मानकापेक्षा १० डेसिबल किंवा जास्त असेल तर माणूस अधिकाऱ्याकडं तक्रार करू शकतो. आपले ५४, म्हणजे ९ च जास्त, तेव्हा चालतंय, असा त्याचा अर्थ. मला हे वाचन मान्य नाही आणि मी ते बैठकीत स्पष्ट सांगितलं. १० ही त्या कलमाखाली तक्रारीची एक पायरी आहे. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तर त्याच नियमात तक्रारीची वेगळी वाट आहे, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत किंवा उपअधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापर्यंत जाते. मानक ४५ हेच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये युरोपसाठी घराबाहेरची रात्रीची सरासरी ४० सुचवली होती. आपले ४५ त्याहून सैल आहेत. आण्णांनीच पुतण्याला गप्प केलं. "नऊ का धा, मावशीला झोप लागंना हे खरं."

काय केलं

आधी सायलेन्सर बदलला. मग इंजिनाच्या मागं, घराच्या विरुद्ध बाजूला, चार फूट खोल विटांचा खड्डा बांधला, आत मोठे दगड टाकले, वर फरशी. धूर नेणारा पाईप आधीच्यापेक्षा मोठ्या व्यासाचा घेतला. बारीक पाईप लावला तर धूर मागं दाबतो आणि इंजिन तापतं. खड्ड्यातून धूर बाहेर काढायला दुसरा उभा पाईप ठेवला, माणसं बसतात तिथून लांब. या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, तो शेडमध्ये कोंडता कामा नये. इंजिन आणि घाण्याच्या घराकडच्या बाजूला अर्धी भिंत होती, ती ब्लॉक लावून नऊ फूट केली आणि भेगा बंद केल्या. पुतण्याचं म्हणणं होतं, भिंतीऐवजी चिपाडाच्या पेंढ्या रचू, फुकटात होईल. आवाज त्यांनीही अडला असता. पण चुलवाणाची ठिणगी एकदा चिपाडात पडली तर गुऱ्हाळच जायचं, म्हणून मी त्याला ठाम नाही म्हटलं. खर्च आण्णांनी केला.

वेळेचं जड गेलं. दिवसपाळीच्या आठवड्यात इंजिन पाचच्या आधी लावायचं नाही, असं ठरलं. म्हणजे त्या आठवड्यांत रोजचं एक आधण कमी, आणि ते नुकसान खरं आहे. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात भाव पडलेला असेल त्या आठवड्यात ते जास्तच बोचतं. तक्रारदाराच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे आधण मोजायला विसरू नये, असं मला मनापासून वाटतं. मावशींनी आपणहून सांगितलं की मोटरीच्या आठवड्यात अडीचला घाणा लागला तरी माझं काही म्हणणं नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजलं. रात्र थंड, ऊस तुटलेला, धूर आडवा, म्हणजे गुऱ्हाळाला सगळ्यात अवघड रात्र मुद्दाम निवडली. इंजिनावर ४६, मोटरीवर ४३, सी पट्टीवर ७० चे ६४. इंजिनाचा आकडा अजून ४५ च्या एक वर दिसतो. दुसऱ्या वर्गाच्या मापकात एवढा मागंपुढं धरावाच लागतो, त्यामुळे तो नियमात बसला असंही मी लिहिलं नाही आणि बसला नाही असंही नाही. इंजिन आता रात्रीच्या हद्दीत पाच ते सहा एवढाच तास चालतं, त्यामुळे रात्रभराच्या सरासरीत ते फारसं उरत नाही. ताटं अजून वाजतात का पाहिलं. एक वाजत होतं. नातीनं त्याच्या मागं कापडाची घडी सरकवली.

पंचायतीला दोन्ही घरांच्या सह्यांचं निवेदन गेलं, कन्नडमध्ये, नातीच्या अक्षरात. सोबत तिन्ही रात्रींचे आकडे, जागा, उंची, वेळ, हवा, आणि मधला ऊस उभा होता की तुटलेला होता, हे सगळं जोडलं. नोव्हेंबरचं माझं कागद आण्णांकडून परत घेतलं आणि त्यावर लिहिलं: "ही मोजणी ऊस उभा असतानाची आहे."

मधल्या पट्टीत यंदा खोडवा, म्हणजे तुटल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस, ठेवलाय. तो पुढच्या हंगामात कधी तुटेल ते कारखान्याच्या टोळीवर आहे. तुटला की त्याच आठवड्यात पुन्हा मोजायचं ठरलंय. चुलवाणाच्या पंख्याचं त्याआधी काहीतरी करायला हवं, त्याच्या आवाजाला अजून हात लावलेला नाही, भिंतीनं चारेक डेसिबल घेतले तेवढेच. आण्णा म्हणतात, पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असताना त्याचं पातं आणि बेअरिंग उतरवून बघू.